आमची शाळा लाल रंगात होती त्या वर्षी

तिसरीत सहा मुलं होती. म्हणजे एक मूल १६.६७ टक्के. हा हिशेब मला तोंडपाठ झाला आहे, कारण २०२४-२५ हे अख्खं शैक्षणिक वर्ष मी त्याच्याच मागे घालवलं. एखाद्या पोराला ताप आला की शाळेची प्रगती १६.६७ टक्क्यांनी खाली. दुसऱ्या दिवशी तेच पोरगं ताट घेऊन पोषण आहाराच्या रांगेत उभं दिसलं की आम्ही परत वर.

मी नागपुरात दिघोरीला राहते. उमरेड रोडनं रोज स्कूटीवर अप-डाऊन. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट एकोणीस, शिक्षक दोन. तालुक्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. जिल्ह्यात तेरा पंचायत समित्या आहेत, त्यातली कोणतीही समजा. दुसरी-तिसरी माझ्याकडे, पहिली-चौथी सरांकडे, वर मुख्याध्यापकाचा प्रभारही सरांच्याच गळ्यात. याचा अर्थ असा की मुलं पहिलीत सरांकडे असतात, मग दोन वर्षं माझ्याकडे, आणि चौथीत परत सरांकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी कबुली देऊन टाकते. हीच सहा मुलं आदल्या वर्षी दुसरीत होती, तेव्हा वर्षअखेरीच्या स्तरनिश्चितीत मी सहाच्या सहा मुलांपुढे 'परिच्छेद' असं भरलं होतं. वाचनाची पायरी ठरलेली असते: प्रारंभिक, अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. एप्रिल २०२४ चे दिवस. १९ एप्रिलला नागपूर-रामटेकचं लोकसभेचं मतदान होऊन गेलेलं, ड्युटीचा शीण अंगात, आणि तक्ता पाचच्या आत पाठवा असा ग्रुपवर मेसेज. मुलांना एकेक करून वाचायला लावायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकते, पण ते अर्धंच खरं होईल. उरलेलं अर्धं असं, की सरांनी पहिलीत त्यांना 'शब्द'वर ठेवलेलं होतं. मग दुसरीत ते त्याच्या वर दिसायला नकोत का? मी त्यांना दोन पायऱ्या चढवून दिलं. पोरांना न विचारता.

विदर्भात शाळा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईची पोरं १५ जूनला दप्तर पाठीला लावतात, तेव्हा आमच्याकडे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, तापलेले असतात. त्या वर्षी १ जुलैला उघडली. दहाव्या दिवशी पायाभूत चाचणी, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची. मग ऑक्टोबरात संकलित एक, वर्षअखेरीला संकलित दोन.

ही चाचणी तिसरीपासून पुढे असते. छापील पेपर वरून येतात, मोजून. मराठीचा पेपर चालू होता आणि मी बाकांमधून फिरत होते. खिडकीजवळच्या मुलीचं लक्ष पेपरात इतकं बुडालेलं की मला कौतुक वाटलं. जीभ किंचित बाहेर, पेन्सिल घट्ट धरलेली, आणि अक्षर काय सुंदर! वेलांट्या, उकार, सगळं रेघेत. जवळ जाऊन पाहिलं तर तिनं प्रश्नच उत्तराच्या जागी उतरवले होते. 'खालील प्रश्नांची उत्तरे लिही' हेसुद्धा, शेवटच्या पूर्णविरामासकट. पेपर संपेपर्यंत तिनं सगळे प्रश्न असेच लिहून काढले. मी 'उत्तरे' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे गं? तिनं माझ्याकडे पाहिलं, मग शब्दाकडे, मग परत माझ्याकडे. तिला ते चित्र काढता येत होतं, वाचता येत नव्हतं.

मागच्या एप्रिलात मी तिच्यापुढे 'परिच्छेद' लिहिलं होतं.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी वर्गातली खुर्ची उचलली आणि बाहेर ओट्यावर नेली. दुसरीचं जुनं पुस्तक घेतलं, एक दोनशे पानी वही घेतली, आणि एकेकाला बोलावलं. आत बाकीचे गोंधळ घालत होते, घालू दिला. सहा मुलांना दोन दुपारी लागल्या. निकाल असा: दोघं परिच्छेदावर, दोघं शब्दावर, एक मुलगा अक्षरावर, आणि ती सुंदर अक्षरवाली प्रारंभिकवर. गणितातही फार वेगळं नव्हतं. चौघांना ९९ पर्यंत वाचता येत होतं, पण 'एकोणसाठ' म्हटलं की ६९ लिहायचे. त्यांचं तरी काय चुकलं? कानावर 'साठ' पडतं, म्हणून हात सहाकडे जातो, आणि 'एकोण' म्हणजे काहीतरी नऊ हे तेवढं माहीत असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असंही म्हणायची सोय केली होती, तेव्हा केवढी खिल्ली उडाली; विधानसभेपर्यंत विनोद झाले. हसणाऱ्यांपैकी कुणी तिसरीच्या पोराला 'एकोणऐंशी' लिहायला सांगून पाहावं.

वहीतले आकडे मी तसेच्या तसे तक्त्यात भरले. काही क्रांती वगैरे करायची नव्हती. मागच्या वर्षीचं एकदाचं धुऊन निघावं, इतकंच.

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा होते. ऑगस्टमधल्या परिषदेत केंद्रप्रमुखांनी भिंतीवर तक्ता लावला. प्रत्येक शाळेची एक ओळ, अपेक्षित पातळीवरच्या मुलांची टक्केवारी. पंचाहत्तरच्या वर असेल तर हिरवी, मधली पिवळी, पन्नासच्या खाली लाल. हिरव्या शेतात एखादं पीक जळावं तशी आमची एकच ओळ लाल. ३३.३३.

"मॅडम, एप्रिलात शंभर होते. उन्हाळ्यात पोट्टे विसरले का सारं?"

सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. "सर, एप्रिलात मीच चुकीचं भरलं होतं" हे वाक्य जिभेवर होतं, पण पंचवीस लोकांसमोर ते बाहेर पडलं नाही. 'सुधारणा कृती आराखडा' आठ दिवसांत सादर करायचा, असं ठरलं.

चहाच्या वेळी एका ज्येष्ठ गुरुजींनी मला बाजूला घेतलं. माणूस प्रेमळ, निवृत्तीला दोन वर्षं. म्हणाले, "तुमाले कोणी सांगितलं नाही का वो? पायाभूत कमी टाकाची, संकलित एक मधात, संकलित दोन जास्त. प्रगती दिसते. पन मागच्या सालच्या संकलितच्या खाली जाऊ देवाचं नाही. तुम्ही खाली गेल्या, तिथंच फसल्या." इतक्या सोप्या भाषेत मला आजवर कोणत्याही प्रशिक्षणात मूल्यमापन समजावलं गेलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्यांचा सल्ला चूक नव्हता. तक्ता फरक मोजतो. सुरुवात जेवढी खालून, तेवढा फरक मोठा. म्हणून जुलैत आकडा दाबायचा, एप्रिलमध्ये फुगवायचा. पोरगं दोन्ही वेळा तेच असतं.

वरिष्ठांकडून जे सांगितलं जात होतं ते असं: जिल्ह्याची कामगिरी घसरली तर सगळ्यांना जाब द्यावा लागेल. केंद्र सरकारचा जिल्ह्यांसाठी श्रेणी निर्देशांक आहे, ज्याला सगळे पीजीआय म्हणतात. एकूण ६०० गुण, त्यातले २९० निष्पत्तीला, म्हणजे परिणामांना. बाकीचे वर्गातलं अध्यापन, सुविधा, सुरक्षितता, डिजिटल आणि प्रशासन यांना वाटलेले. मी घरी येऊन हे मुळातून वाचायला बसले. गंमत बघा, त्यातला मुलांच्या शिकण्याचा भाग राष्ट्रीय सर्वेक्षणातून घेतला जातो. आम्ही पाचच्या आत भरून पाठवतो त्या तक्त्यातून नाही. म्हणजे ज्या लाल ओळीसाठी माझं हसं झालं, तिचा जिल्ह्याच्या ६०० गुणांशी कवडीचा संबंध नव्हता. हे मी परिषदेत बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, मग झोप आता.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आमचा खरा काळ. पाऊस, धान, सोयाबीन, माणसं गावातच. रोज पहिला तास वाचन, आणि त्यात मी फार काही नवं केलं नाही. शब्दवाल्या दोघांना जोडीनं बसवलं. सुंदर अक्षरवालीला तिच्या हाताकडून शिकवलं, कारण तिचा हात तिच्या डोळ्यांच्या पुढे होता. ती आधी शब्द लिहायची, मग मी तो तिच्या तोंडून काढून घ्यायची. 'पानी', 'घर', 'मामा'. हो, पानीच. आमच्या भागावर झाडीबोलीची छाया आहे. इकडे पोरांच्या तोंडात ण नाही, ळ नाही. पाणी म्हणजे पानी, शाळा म्हणजे शारा, काळा म्हणजे कारा. एका मिनिटात किती शब्द 'अचूक' वाचले हे मोजायचं असतं. पुस्तकात 'शाळा' छापलंय, मूल शारा म्हणतं, आणि बोट बरोबर शाळेवर आहे. चूक धरायची का? एका भेटीत आलेल्या साहेबांनी धरली. मी धरत नाही. त्या मुलाला अक्षर ओळखता आलं, अर्थ कळला, आणि त्यानं तो आपल्या आईच्या भाषेत सांगितला. याहून जास्त वाचन कशाला म्हणतात?

ऑक्टोबरच्या संकलित एकमध्ये शब्दवाले दोघं वाक्यावर आले. गुण मोबाइलवरच्या सरकारी चॅटबॉटवर भरायचे. नेटवर्क ओट्याच्या एका कोपऱ्यात येतं, तिथं मी आणि सर आळीपाळीनं उभे.

नोव्हेंबरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दिवाळी, मग २० तारखेची विधानसभा, त्याची प्रशिक्षणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणुकीचं काम शिक्षकांना द्यायला मुभा आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. परत आले तोवर अक्षरावरचा मुलगा गेला होता. आई-वडील विटाभट्टीवर. मी वडिलांना आधीच शिक्षण हमी कार्ड देऊन ठेवलं होतं, जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवा म्हणून. त्यांनी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. मार्चमध्ये परत आले तेव्हा ते त्याच घडीत होतं, फक्त घामानं मऊ झालेलं. मुलगा बरोबर अक्षरावरच होता, जिथं सोडला तिथं. मागे गेला नाही, हेच मला पुष्कळ वाटलं. पण चार महिने तो होता कुठं, यासाठी तक्त्यात रकाना नाही. पट सहा तो सहाच.

मधे ४ डिसेंबरला परखचं, म्हणजे केंद्राच्या मूल्यमापन संस्थेचं, राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. आमची शाळा नमुन्यात नव्हती. तरी सराव चाचण्या आम्हीही घेतल्या, कारण आदेश सगळ्यांना होता. गोल रंगवायचा सराव. माझ्या एका शब्दवाल्यानं सगळे गोल इतके मन लावून रंगवले की एकही सुटला नाही, चारही पर्याय. पुढे जुलै २०२५ मध्ये त्या सर्वेक्षणाचा अहवाल आला, त्यात देशभरातल्या तिसरीच्या ५५ टक्केच मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता आल्या, असं निघालं. वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे एकोणसाठला अडखळणारे आम्हीच नाही. आणि देशपातळीवर कुणीतरी खरा आकडा लिहिला, त्यांना कुणी विचारलं नाही, पोट्टे उन्हाळ्यात विसरले का म्हणून.

मार्चमध्ये निपुण महाराष्ट्रचा, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचा, कृती कार्यक्रम आला. दुसरी ते पाचवी, ७५ टक्के मुलं अपेक्षित पातळीवर यायला हवीत. सहा मुलांचे ७५ टक्के म्हणजे साडेचार. मी सरांना विचारलं, अर्ध पोरगं कसं आणायचं? सर म्हणाले, "पाच आना नं मॅडम, कायले डोकं लावता."

यातलं मला मनापासून आवडलेलं एक होतं: चावडी वाचन. मुलांनी गावासमोर, चावडीवर वाचायचं. तक्ता नाही, बॉट नाही. आम्ही ते एप्रिलमध्ये घेतलं, संध्याकाळी, कारण पारा चाळीसच्या वर आणि शाळा सकाळची. ग्रामपंचायतीच्या पुढच्या लिंबाखाली सतरंजी टाकली. तालुक्याहून एक साहेब आले होते. बाया मिरचीच्या सातऱ्यावरून परस्पर आल्या. सातरा म्हणजे वाळल्या मिरच्यांचे देठ खुडायची जागा. दिवसभर खुडून हात असे भगभगतात की रात्री लेकराच्या तोंडावरून हात फिरवायची सोय नाही. खिडकीवाल्या मुलीची आई मागे बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. आजूबाजूच्या दोन-तीन लोकांना ठसका लागला, त्यावर हशा झाला.

पहिले दोघं धडाधड वाचून गेले, मिनिटाला साठच्या वर शब्द; तिसरीची रेघ साठचीच. मग जोडीतले दोघं. एक ६२, एक नेमका ६०, माझा श्वास अडकला होता. विटाभट्टीवरून आलेल्यानं 'आई', 'मका', 'वड' असे शब्द सुट्टे वाचले आणि पळाला. शेवटी ती. पुस्तक तिनं दोन्ही हातांत धरलं. गोष्ट शाळेत जाणाऱ्या मुलीचीच होती. ती एकेक शब्द बोटानं ढकलत पुढे जात होती. पहिल्याच ओळीत, "मी शारेत जाते."

"शाळेत म्हण बेटा, शाळेत," साहेब म्हणाले. मोबाइलवर घड्याळ चालू.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, परत बोट शब्दावर आणलं, नीट निरखलं, आणि ठामपणे म्हणाली, "शारेत."

मागून एक म्हातारा बोलला, "बराबर तं वाचलं पोरीनं. शाराच हाये नं ते." त्यावर साहेबही हसले. मिनिट संपलं तेव्हा एकतीस शब्द झाले होते, पण ती थांबली नाही, आणि कुणी थांबवलंही नाही. पान संपेपर्यंत वाचलं. आईनं पदरातून हात काढले नाहीत. मला नंतर एवढंच विचारलं, "मॅडम, हे पाठ केलं होतं का तिनं?" मी म्हटलं, नाही. पुस्तकातलं दुसरं पान उघडून तिच्यासमोर धरलं आणि तिच्याकडून दोन ओळी वाचून घेतल्या. आई ते छापलेल्या ओळींकडे बघत ऐकत होती, तोंडाकडे नाही.

तक्त्यात भरलं: सहापैकी चार. ६६.६७. पिवळा. साडेचार झाले नाहीत. वर्षभरात वर्गात सगळ्यात लांबचा पल्ला त्या मुलीनं गाठला होता, प्रारंभिकपासून वाक्यापर्यंत, आणि टक्केवारीत त्याचं मोल शून्य, कारण तिसरीला साठ शब्दांची रेघ आहे आणि ती एकतीसवर होती. दोनशे पानी वहीत मात्र मी ते लिहून ठेवलं: तारीख, एकतीस शब्द, 'शारा बरोबर धरला'.

१ मेला झेंडावंदन झाल्यावर निकाल वाटले.

जून २०२५ च्या अखेरीस शाळा पुन्हा उघडली, २३ तारखेला. ती सहा मुलं आता चौथीत, म्हणजे सरांकडे. पायाभूतच्या आदल्या आठवड्यात सर माझ्या वर्गाच्या दारात आले. हातात कोरा स्तरनिश्चितीचा तक्ता. मागच्या ऑगस्टमध्ये परिषदेत हसणाऱ्यांत तेही होते, हे मी विसरले नव्हते.

"मॅडम, तुमचे ते सहा. तुम्ही भरलेलं खरं आहे का?"

"खरं आहे."

"मंग मी खाली नाही टाकत." थोडं थांबून म्हणाले, "ते वही आहे का तुमच्याकडं? ते रोजची."

मी कपाटातून काढून दिली. त्यांनी उभ्यानंच चाळली, एका पानावर थांबले, ओठ हलवत वाचलं. मग वही काखेत मारली, स्वतःच्या वर्गातली खुर्ची उचलली आणि ओट्यावर नेऊन ठेवली.